घडीच्या कार्बाइनचे फायदे-तोटे

बंदुकांचं दुकान एक बाई चालवते हे ऐकून आलेलं नवं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या मागे बघतं. मागून कोणी पुरुष येईल आणि खरं बोलणं सुरू होईल, अशी त्याची समजूत असते. माझ्या मागे फक्त भिंत आहे आणि भिंतीशी साखळीत ओवून ठेवलेल्या बंदुका. दोन मिनिटं वाट बघून गिऱ्हाईक नाइलाजाने माझ्याशी बोलायला लागतं. पाचव्या मिनिटाला ते मागे बघायचं विसरलेलं असतं.

रत्नागिरीच्या बाजारातलं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलं, यजमानांनी चालवलं आणि ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी ते माझ्या गळ्यात आलं. बाहेरगावचे लोक विचारतात, आंब्याच्या आणि माशांच्या गावात बंदुका घेतं कोण? त्यांच्या डोळ्यांसमोर शिकारी येतात, मिशा येतात. आमच्याकडे बंदूक घेणारा माणूस शूर नसतो, वैतागलेला असतो. वानरांनी त्याचा मोहोर ओरबाडलेला असतो, डुकरांनी भात लोळवलेलं असतं, रताळी उकरलेली असतात. तो कलेक्टर कचेरीत अर्ज करतो, पोलीस पाटील चांगल्या वर्तणुकीचा दाखला देतो, आणि शेताच्या राखणीसाठी त्याला एका नळीच्या काडतुसाच्या बंदुकीचा परवाना मिळतो. काडतुसात छर्रे असतात. ते थोड्या अंतरावर पसरतात आणि त्यापुढे गळून पडतात. वर्षाकाठी त्याने दहा काडतुसं उडवली तर आठ आभाळात जातात. कोकणात बंदुकीचं मुख्य काम आवाज करणं हे आहे. नेम धरता आला तर उत्तमच, पण राखणदाराची अर्धी राखण कानाने होते, आणि ती वानरांच्या कानाने.

हे सगळं मी लग्नानंतर पंधरा वर्षांत शिकले. कोणी शिकवलं नाही. यजमान गिऱ्हाइकांशी बोलत, दादू मेस्त्री मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करत, आणि मी सुट्टे भाग पुसून ठेवणं, पत्रव्यवहार, परवान्यांच्या तारखा हे बघत असे. दादू मेस्त्री मूळचे सुतार. बंदुकीचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने तासून देण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. कोपरात दस्ता टेकवायचा आणि बोट घोड्यापर्यंत पोचतं का बघायचं, हे त्यांचं माप. शिंप्यासारखे ते माणूस दारात दिसला की नुसत्या नजरेने त्याचा हात मापत.

यजमान अचानक गेले. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं, कारण काम पडून होतं. अडचण एकच होती. विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना यजमानांच्या नावावर होता. वारस म्हणून मला तात्पुरती मुदत मिळाली होती ती होळीपर्यंत. तोवर परवाना माझ्या नावावर झाला नाही, तर सगळ्या बंदुका सरकारजमा करायच्या, शटर ओढायचं आणि दादू मेस्त्रींनी म्हातारपणी पुन्हा दारं-खिडक्या करायला लागायचं.

अर्ज कचेरीत पडून होता. त्याला हरकत कोणाचीच नव्हती, पण सही करायला कोणाचा हातही पुढे होत नव्हता. परवान्याच्या टेबलावरचे कारकून मला दर खेपेला तेच विचारत, "वहिनी, घरात कोणी दीर वगैरे नाहीत का?"

"दीर आहेत. त्यांना फटाक्यांची भीती वाटते."

ते खरंच होतं.

त्याच टेबलावर माझ्या कागदाखाली आणखी एका बाईचा कागद दबून पडला होता. सावर्ड्याकडच्या एका वाडीतली अनुसयाबाई. नवरा मुंबईला गिरणीत. परवाना नवऱ्याच्या नावावर, बंदूक भिंतीवर आणि डुकरं शेतात. ती एकदा डबा वाजवून वाजवून घसा बसलेली अशी माझ्या दुकानात आली होती.

"वयनी, ती बंदूक मी उडवली तर काय व्हईल?"

"गुन्हा होईल. परवाना तुमच्या नवऱ्याचा आहे."

"मंग डुकरांना काय सांगू? मालक गणपतीला येतील तवा या?"

मालकाच्या वतीने बंदूक बाळगणाऱ्या माणसाचं नाव परवान्यावर लावता येतं. कचेरीत त्याला रिटेनर म्हणतात. बागायतदार आपल्या राखणदारांची नावं अशीच लावतात. मी अनुसयाबाईला अर्ज लिहून दिला, नवऱ्याची सही मुंबईहून मागवली. कारकुनांनी तो अर्ज बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद ढिगाच्या तळाशी सरकवला. तेव्हापासून आम्ही दोघी तिथेच होतो.

अशात मुंबईची घडीची कार्बाइन आली.

कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. ही बावीस बोअरची, बारीक गोळीची, परदेशी बनावटीची होती. तिला लाकडी दस्ता नव्हता. पोलादी सळ्यांचा सांगाडा होता, तो बिजागरीवर दुमडून नळीच्या बाजूला येई. दुमडली की आंब्याच्या करंडीत मावे. लोकांनी घडीच्या खुर्चीसारखं तिचं नाव घडीची बंदूक ठेवलं. मुंबईच्या एका विक्रेत्याचे सफारी सूट घातलेले गृहस्थ ती घेऊन बागायतदारांकडे फिरले, आणि शिष्टाचार म्हणून माझ्याही दुकानात आले. काउंटरवर ठेवून त्यांनी ती एका हाताने उघडली. खट्. मिटली. खट्.

"मॅडम, आता जमाना कॉम्पॅक्टचा आहे," ते म्हणाले. "ही तुमची बांबूएवढी लांबडी बंदूक घेऊन कोण फिरणार?"

दादू मेस्त्रींनी ती हातात घेतली, सळई गालाला लावली आणि म्हणाले, "वयनी, ह्याच्यानं नेम धरायचा की दाढी करायची?"

सफारीवाले हसले, पण त्यांची जाहिरात आधीच झाली होती. आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला कातळावर कलमांची बाग असलेल्या आबा खोतांनी ती विकत घेतली होती. रायफलचा परवाना त्यांच्याकडे आधीपासूनच होता. आबा मोटारसायकलवरून फिरत आणि बँकेत, लग्नात, सोसायटीच्या सभेत, जिथे जातील तिथे कार्बाइनचंच वर्णन करत. महिन्याभरात कचेरीत घडीच्या बंदुकीसाठी अर्जांचा ढीग झाला. काहींना तर बागही नव्हती.

निवासी उपजिल्हाधिकारी नवे होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर एका बाजूला ते नवे अर्ज होते आणि दुसऱ्या बाजूला माझा.

"बाई, तुम्ही म्हणता पंधरा वर्षं दुकानात आहात," ते म्हणाले. "मग एक करा. ह्या घडीच्या कार्बाइनचे फायदे-तोटे मला लिहून द्या. मुंबईच्या त्या गृहस्थांकडनंही मागवतोय. मग ती आणि तुमची साधी एकनळी, दोन्ही हत्यारं एका जागी उडवून बघू. तुमचं लिहिलेलं कितपत टिकतंय त्यावर तुमच्या अर्जाचं ठरवतो. नवऱ्याचं दुकान म्हणून परवाना देणार नाही मी. तुम्हाला त्यातलं कळत असलं तर देईन."

मला हे फार आवडलं. इतक्या महिन्यांत कोणीतरी दिराबद्दल न विचारता बंदुकीबद्दल विचारलं होतं.

टिपण लिहायला बसले तेव्हा दादू मेस्त्री शेजारी येऊन उभे राहिले.

"फायदे कशाला लिवताव? आपल्या दुकानात ती नाय."

"फायदे आहेत म्हणून लिहिते."

आणि ते होतेच. करवंदीच्या जाळीतून, चिंचोळ्या पाणंदीतून जाताना लांब बंदूक अडकते, ही अडकत नाही. झाडावरच्या माळ्यावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. वजनाला हलकी. ज्याचे हात आखूड आहेत, मग ती बाई असो की म्हातारा, त्याला जवळ धरता येते. धक्का जवळजवळ नाही. हे मी पहिल्या पानावर लिहिलं.

मग तोटे. बावीसची गोळी बारीक असली तरी छर्ऱ्यांसारखी गळून पडत नाही. ती फार लांब जाते. आमच्याकडे एका टेकाडाच्या पलीकडे दुसरी वाडी असते आणि तिथे कोणीतरी वाळवण घालत बसलेलं असतं. दुसरं, आवाज नाही. तिसरं, बिजागरी. खारा वारा आणि बारीक रेती यांच्यापुढे जिथे जिथे दोन लोखंडं एकमेकांवर फिरतात तिथे काहीतरी बिघडतंच. चौथा मुद्दा मी खूप वेळ खोडत आणि लिहीत होते. तो असा: लांब बंदूक दिसते. माणूस ती घेऊन एसटीत चढला की कंडक्टर बघतो, गाव बघतं, बायको विचारते कुठे निघालात. बंदूक कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असणं हीच तिची अर्धी राखण आहे. घडी घालून पिशवीत टाकलेली बंदूक कुठे आहे ते फक्त पिशवीवाल्याला माहीत. उद्या ती पिशवी घरात खुंटीला राहिली, तर पोरं आत खाऊ शोधतील.

एवढं लिहून मी टिपण दिलं. मुंबईच्या गृहस्थांचं टिपण छापील होतं आणि त्यात तोटे नव्हते.

चाचणी आबा खोतांच्याच बागेत ठरली. बागेच्या टोकाला एक जुनी, बंद पडलेली चिरेखाण आहे. जांभ्याच्या दगडाची पुरुषभर उंचीची भिंत तीन बाजूंनी, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नाही. दिवस पौषातले होते. साहेबांनी सकाळी लवकरची वेळ दिली, कारण नंतर त्यांना दापोलीला जायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा कातळावर दव होतं आणि माणसं बोलली की तोंडातून वाफ निघत होती. कोकणातली माणसं थंडीला एवढी नवखी असतात की आबांनी माकडटोपीवर मफलर गुंडाळला होता. साहेब, एक पोलीस जमादार, सफारीवाले, आबा, दादू मेस्त्री आणि मी. समोरच्या कलमांवर वानरांची एक टोळी आधीच येऊन मोहोराचा नाश्ता करत होती. आबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आज तुमचे दिवस भरले हो!"

चाचणी अशी ठरली होती की बंदूक पिशवीतून काढायची, उघडायची आणि खाणीच्या भिंतीला लावलेल्या पत्र्यावर पाच गोळ्या मारायच्या. जमादारांनी घड्याळ बघितलं.

आबा ऐटीत मांगरात गेले. मांगर म्हणजे बागेतली राखणीची खोपी. रात्रभर कार्बाइन तिथेच, चिऱ्याच्या थंडगार कट्ट्यावर होती आणि आबा तिच्या उशाशी झोपले होते. पिशवी घेऊन ते बाहेर आले, कार्बाइन काढली, ती रिकामी असल्याचं जमादारांना दाखवलं आणि दस्ता उघडायला हात घातला.

खट् झालं नाही.

आबांनी जोर लावला. मग मफलर काढून जोर लावला. मग कार्बाइन गुडघ्यांत धरून जोर लावला. दस्ता नळीला चिकटून बसला होता तो हलेना. सफारीवाल्यांनी ती हिसकावून घेतली आणि कळ दाबून बघितली. त्यांच्याही कपाळावर त्या थंडीत घाम आला.

"काय केलंत तुम्ही हिला? कुठे पाडलीत का?"

"पाडलीत काय पाडलीत! पोरासारखी सांभाळलेय. तेल घाला म्हणालात, रोज न चुकता तेल घालतोय!"

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात माझं टिपण होतं. "बाई, तुम्ही बिजागरीचं लिहिलंयच की. तिसरा मुद्दा. खारा वारा आणि रेती."

दादू मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की वयनी, आता गप ऱ्हावा. आणि खरं सांगते, मी गप्प राहिलेही. पाचएक श्वास. कारण माझ्या डोळ्यांसमोर माझा परवाना होता. मला बोलायचीही गरज नव्हती. मुंबईची बंदूक साहेबांच्या देखत बंद पडली होती आणि ती पडेल असं मी आधीच लिहून दिलं होतं. याहून चांगला दाखला कुठला?

पण आबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते आणि बिजागरीच्या फटीत मला काहीतरी पांढरं दिसलं होतं. गंज पांढरा नसतो. रेतीही आमच्याकडची पांढरी नसते.

"आबा," मी विचारलं, "तेल कुठलं घालता?"

"घरचंच हो, वहिनी. शुद्ध. आपल्या वाडीतले नारळ, घाण्यावर काढलेलं. दुकानातलं भेसळीचं मी आणत नाही."

दादू मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. मला हसू आलं, आणि हसू आल्यावर गप्प राहणं संपलंच. कोकणातला माणूस डोक्याला, दाराला, शिवणाच्या मशीनला आणि देवापुढच्या समईला एकच तेल घालतो, आणि ते तेल थंडीत काय करतं हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. पौषात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. चुलीपाशी ठेवावी लागते. आबांच्या डोक्याला रोज सकाळी कोण तेल वितळवून देत असेल ते मला दिसत होतं. कार्बाइनसाठी ते काम करायला खोतीणबाई मांगरात नव्हत्या.

"साहेब," मी म्हटलं, "बंदूक बिघडलेली नाही. माझा तिसरा मुद्दा आज लागू होत नाही. आत खोबरेल थिजलंय."

मी सफारीवाल्यांच्या हातातून कार्बाइन घेतली. ती रिकामी असल्याचं आबांनी जमादारांना दाखवलेलं असलं तरी माझ्या सवयीने मी परत तपासलं. मांगरात चुलीवर चहाचं आधण होतं. माझा रुमाल त्या उकळत्या पाण्यात बुडवला, चिमट्याने काढला आणि बिजागरीला गुंडाळला. रुमालाखालून तेलाचा एक ओघळ निघाला आणि वास असा सुटला की जमादार म्हणाले, "कोणाचं तरी न्हाणं चाललंय."

मी दस्ता धरून ओढला. खट्.

आबांनी टाळी वाजवली. स्वतःच्याच बागेत, स्वतःच्याच फजितीला. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो.

मग चाचणी रीतसर झाली. आबांनी पाच गोळ्या मारल्या, त्यातल्या चार पत्र्याला लागल्या. चांगला नेम होता, मी तसं साहेबांना म्हटलंही. पण प्रत्येक बाराला आवाज असा की सुकी काटकी मोडावी. पहिल्या बाराला कलमावरच्या एका वानराने मान वळवून बघितलं. दुसऱ्यापासून त्याने तीही तसदी घेतली नाही. एक पिल्लू तर आणखी खालच्या फांदीवर आलं, बघायला.

"आता ही," म्हणत साहेबांनी आमच्या दुकानातल्या बारा बोअरच्या साध्या एकनळीकडे बोट दाखवलं. "कोण उडवणार? मेस्त्री?"

"माझा खांदा गेल्या साली झाडावरून पडून मोडलेला हाय, सायेब," दादू मेस्त्री म्हणाले. खांदा धडधाकट होता. रोज त्याच खांद्याने ते रंधा मारत.

मी पदर खोचला. दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक एकदा उडवून बघावी लागते, आणि यजमानांच्या हाताला कंप सुटल्यापासून ते काम वर्षानुवर्षं मीच करत होते, पोलिसांच्या परवानगीने, याच असल्या खाणींत. हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. काडतूस भरलं, दस्ता खांद्याशी घट्ट लावला, गाल लाकडाला टेकला आणि घोडा ओढला.

खाणीच्या तिन्ही भिंतींनी तो आवाज उचलून परत फेकला. पत्रा खाली पडला. सफारीवाल्यांनी कान धरले. समोरचं कलम एकदम उजाड झालं. टोळीचा म्होरक्या, माद्या, पोटाला धरलेली पिल्लं, सगळी कातळावरून शेपट्या वर करून पळत सुटली ती खाली समुद्राच्या दिशेला, आणि आरे गावातली कुत्री एकामागोमाग एक भुंकायला लागली. आबा ओरडले, "गेली! वहिनी, गेली! पुढच्या आठवड्यापर्यंत नाही येत!"

साहेबांनी त्या रिकाम्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, "जमादार, लिहा. वानरांनी अहवाल दिला."

चहा पिताना त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, तुम्ही गप्प बसला असता तर तुमचंच म्हणणं खरं ठरलं असतं."

"म्हणणं खरं ठरलं असतं साहेब, पण कारण खोटं असतं. उद्या तोच बिघाड घेऊन माणूस माझ्याच दुकानात येणार. तेव्हा मी त्याला काय सांगणार?"

त्यांनी टिपण घडी घालून खिशात ठेवलं. "उद्या परवाना मिळाला तर ही कार्बाइन तुम्ही विकाल?"

"ज्याच्या परवान्यात बसते आणि ज्याला खरंच लागते त्याला विकीन. पण आधी त्याचा हात बघेन, त्याच्या बागेपलीकडे कोणाची वाडी आहे ते विचारेन, आणि बरोबर मशीनच्या तेलाची बाटली देईन."

"आणि करंडीत लपवून फिरायला हवी असेल त्याला?"

"त्याला आरसा दाखवीन. दुकानात समोरच्या भिंतीवरच आहे."

होळीच्या आठ दिवस आधी परवाना आला, माझ्या नावाचा. कचेरीतले कारकून स्वतः घेऊन आले आणि दुकानात शिरताना त्यांनी माझ्या मागे बघितलं नाही, हे मी टिपलं. घडीच्या बंदुकीच्या अर्जांवर साहेबांनी बंदी घातली नाही. प्रत्येकाला फक्त विचारलं की ती कशासाठी हवी, आणि आवाज न करणाऱ्या बंदुकीने राखण कशी करणार ते लेखी मागितलं. बहुतेकांनी अर्ज मागे घेतले. सफारीवाले पुन्हा रत्नागिरीत दिसले नाहीत. आबांनी कार्बाइन ठेवली, शिवाय माझ्याकडून एकनळीही घेतली. दरवर्षी थंडी पडली की ते दुकानात येतात, काउंटरवर कार्बाइन उघडून दाखवतात. खट्. आणि विजयी मुद्रेने निघून जातात.

एकाच गोष्टीची रुखरुख आहे. दादू मेस्त्रींची नजर आता अधू झाली, आणि हाताच्या मापाने दस्ता तासणारा दुसरा माणूस मला मिळालेला नाही. आता कारखान्यातून येतो तसा दस्ता आम्ही देतो आणि माणसाला सांगतो, हात सांभाळून घे. हे चूक आहे. बंदुकीने माणसाच्या मापाचं असायला हवं.

पण त्या वर्षी मेस्त्रींची नजर शाबूत होती. माझ्या परवान्याबरोबर त्याच ढिगातला तळाचा कागदही सुटला होता. शिमगा झाल्यावर अनुसयाबाई नवऱ्याची बंदूक आणि स्वतःचं नाव लागलेला परवाना, दोन्ही घेऊन सावर्ड्याहून पहिल्या एसटीने आली. माझ्या नावाच्या दुकानातलं ते पहिलं काम. मेस्त्रींनी तिचा हात कोपरापासून बोटापर्यंत नुसता बघितला आणि दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. दीड इंच लाकूड उतरलं. तिने बंदूक खांद्याला लावली, बोट सहज घोड्यावर पोचलं. ती उभीच राहिली तशी, दारातून रस्त्याकडे नेम धरून. बंदूक रिकामी होती, तरी समोरचा पानवाला खाली बसला.

मी तिला काउंटरवर पडलेल्या, सफारीवाल्यांच्या छापील कागदातलं कार्बाइनचं चित्र दाखवलं. म्हटलं, "ही बघा, हलकी आहे. घडी होते. तुम्हाला वाटेत सोपी पडली असती."

तिने चित्र नीट बघितलं आणि परत दिलं.

"घडी घालायची कामा घरात रगड हायत, वयनी. ही उभीच बरी. डुकरांना लांबून दिसली पायजे, आनी गावालापन."

मेस्त्रींनी बंदूक तिच्या खांद्याला अडकवून दिली. भर बाजारातून, ताठ, नळी डोक्याच्या वर हातभर, ती एसटी स्टँडकडे चालत गेली. दोन्ही बाजूंची दुकानं बाहेर येऊन बघत होती. मी पण बाहेर येऊन बघत होते.